मिसळ, बीपी आणि बिल्ले

"खोटं, साफ खोटं. रोज पाच मैल म्हणे! अगं, फ्रिजपासून सोफ्यापर्यंतच्या फेऱ्या मोजल्या तरच पाच मैल भरतील."

काकू आमच्या बेसमेंटच्या जिन्यात पावांचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि तिथूनच ओरडत होत्या. खाली त्यांचे यजमान दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा बांधून माझ्या मुलीला आपल्या व्यायामाची माहिती देत होते. मशीनने तेवढ्यात असा आकडा दाखवला की मला वाटलं, आमच्या हर्नडन गावाचा झिपकोडच उमटला.

मुलीने पेन खाली ठेवलं. "बाबा, धिस इज नॉट हाऊ इट्स डन."

मुलगी समाजशास्त्रात पीएचडी करते. परदेशातून आलेल्या माणसाला नोकरीत जी वागणूक मिळते, तिचा त्याच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. हैतीहून आलेल्या काळ्या नर्सेस तिच्याशी भरभरून बोलल्या, छपरं घालणारे मेक्सिकन कामगार बोलले. गाडी अडली ती मराठी माणसापाशी. दोन महिन्यांत एकच मिळाला, तो मी, आणि बाप म्हणून मला बाद केलं. तिच्या गाइडबाईंनी बजावलं होतं की पुढच्या शुक्रवारपर्यंत बारा मराठी माणसं हवीत, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढून टाक. हे तिने जेवताना ताटाकडे बघत सांगितलं. ती ताटाकडे बघून बोलली की मला काही सुचत नाही.

"बाराच?" मी म्हणालो. "चाळीस आणतो. डुलकी काढता काढता आणतो."

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'संशोधन' असं लिहिलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं. मी 'शनिवारी दुपारी मिसळ' लिहिलं. लोक मेरीलँडहून आले. रस्सा असा जमला होता की तीन घरं पलीकडच्या गोऱ्या शेजाऱ्याचा स्मोक अलार्म वाजला. तो अजून खोकतो.

तयारी मी चोख केली होती. दारातच टेबल टाकून बसलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला लिहून दिला, वर आडनाव, खाली गाव. आपल्यात नुसतं नाव सांगितलं तर माणूस कळत नाही. आडनाव सांगितलं की निम्मा कळतो आणि गाव सांगितलं की उरलेला. मग कोण कुणाचा मेहुणा ते निघतं आणि गप्पा आपोआप सुरू होतात.

एकाच पाहुण्याने थोडा वेळ घेतला. चाळिशीचा गृहस्थ, डेटाबेसचं काम करणारा, सहा महिन्यांपूर्वी अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून इकडे आलेला. त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

"एवढं पुरे, काका."

"अहो, आडनावाशिवाय माणूस सापडायचा कसा? बरं, गाव?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

"नागपुरातच," तो हसून म्हणाला आणि अर्धा कोरा बिल्ला लावून आत गेला.

मुलीच्या फॉर्मवर पहिलाच नियम होता की मुलाखत एकेकट्याची घ्यायची, दार बंद करून. मी म्हटलं, आपल्यात दोन माणसं दार बंद करून बोलायला लागली की बाहेरच्यांना घटस्फोट दिसतो. सगळ्यांदेखत घेऊ, मोकळेपणा येईल. तो इतका आला की नवऱ्याच्या झोपेचे तास बायको सांगू लागली आणि बायकोची चिडचिड नवरा. 'वंश' या रकान्यापाशी अर्धा तास वाद झाला. एकाने 'इतर' वर खूण करून पुढे कोल्हापूर लिहिलं.

मग तो प्रश्न आला, की जन्मामुळे कामाच्या ठिकाणी कुणी कधी कमी लेखलं का? यावर तर चढाओढच लागली. प्रत्येकाकडे एक गोरा मॅनेजर होता. माझ्या गोष्टीतला मॅनेजर शेवटी रडत माफी मागतो. तो दर वर्षी थोडं जास्त रडतो.

नागपूरच्या गृहस्थाची पाळी आली. त्याने समोरच्या सगळ्यांच्या छातीवरचे बिल्ले सावकाश वाचले, कोऱ्या फॉर्मकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

पट्टा सुस्कारा टाकून सैल झाला. मुलीने आकडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

पाहुणे गेल्यावर तिने सगळे फॉर्म उचलून रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. "नन ऑफ धिस काउंट्स. बाबा, निनावी सर्व्हेला नेमटॅग्ज?"

"नावं कुठे होती," मी म्हणालो, "आडनावंच तर होती."

ती हसली नाही.

रविवारपासून तिने लायब्ररीतली छोटी खोली घेतली आणि सगळ्यांना पुन्हा, एकेकट्याला बोलावलं. मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं, खोलीच्या आसपास फिरायची बंदी घालून. गुरुवारपर्यंत अकरा झाले. पाच मैलवाले काका ऐटीत आत गेले आणि नाक पुसत बाहेर आले. कशामुळे, ते मुलीने सांगितलं नाही. मी कारमध्ये तीनदा विचारलं, तिने तिन्ही वेळा रेडिओ मोठा केला.

शुक्रवारी बारावा कोणी येईना. दोन वाजले, अडीच वाजले, ती दारात उभी राहून नखं खात होती. पावणेतीनला नागपूरचे गृहस्थ आले आणि आत गेले. मी मुलांच्या विभागात बसून डायनासोरचं एकच पुस्तक चार वेळा वाचलं. कोण कुणाला खातो ते आता मी कुठल्याही म्युझियममध्ये सांगू शकेन. पाच वाजून गेल्यावर दार उघडलं. मुलगी तशीच खुर्चीत बसलेली, समोर दोन वह्या भरलेल्या. तिने माझ्याकडे बघून फक्त अंगठा वर केला.

मला राहवेना. मी पार्किंगमध्ये त्या गृहस्थाला गाठलं.

"अहो, माझ्या घरी एका शब्दात आटोपलंत, आणि इथे दोन तास? मिसळीत काही कमी होतं का?"

त्याने कारचं दार उघडलं, बॅग शेजारच्या सीटवर ठेवली.

"मिसळ चांगली होती, काका. तुमच्या मुलीने आडनाव विचारलं नाही."