वळणावर ताठ बसणं

आमचं लग्न भूकंपानंतरचं. लातूरकडची पडकी गावं मागे टाकून आम्ही नांदेडला बिऱ्हाड केलं. तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते, त्यामुळे ह्यांना फिजिक्स शिकवायचं काम लगेच मिळालं. घरी आले की माझीही शिकवणी घेत. विषय एकच, मोटरसायकलवर मागे कसं बसायचं.

मी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. साडीतल्या बाईने तसंच बसायचं, हा सासूबाईंचा दंडक. त्यात वळणावर गाडी कलली की माझं अंग आपोआप उलट बाजूला ओढलं जाई. आमच्या घराची भिंत कलली आणि आई तिच्याखाली गेली, ते मी पाहिलं होतं. तेव्हापासून कललेलं काहीच मला सोसत नसे. गाडी कलेल तिकडेच झुकायचं, नाहीतर ती वळत नाही, असं हे कागदावर बाण काढून समजावत, मी मान डोलवत असे.

एकदा माहूरला निघालो. घाटात डावं वळण आलं, गाडी कलली आणि मी उजवीकडे रेटले. गाडी सरळ रस्त्याच्या पलीकडे गेली. समोरून एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरने कसंबसं स्टिअरिंग वळवलं, म्हणून वाचलो.

गाडी उभी करून हे कडाडले, "किती येळा सांगू, माझ्यासंगं झुकत जा म्हणून! तुझ्यापायी मेलो असतो आज!"

"अंगच ऐकत न्हाई, काय करू?"

रडण्याऐवजी मला संतापच आला. भर रस्त्यात साडी वर खोचली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत. मरायचंच असेल तर निदान माझ्या नावावर नको.

पुढच्या डाव्या वळणावर ह्यांच्या पाठीला चिकटून मी डावीकडे झुकले. तरी गाडी झुकेना, पुन्हा बाहेर सरकू लागली. ह्यांची पाठ लाकडासारखी ताठ होती, मलाच उजवीकडे रेटत होती. शर्ट घामाने चिंब झाला होता.

ह्यांना ढिगाऱ्याखालून दुसऱ्या दिवशी काढलं होतं, हे मला नातेवाइकांनी सांगितलेलं. स्वतः हे त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नव्हते.

मी गाडी थांबवायला लावली. "तुमीबी झुकत न्हाई की."

हँडलवरचे हात ह्यांना सोडवेनात. "ठावं हाय मला," हे म्हणाले. "तुझ्यावर वरडलो की जरा बरं वाटायचं."

उरलेला घाट आम्ही गाडी ढकलत पायी चढलो.