मागच्या खोलीपर्यंतची वायर

पडदा वर जातो तेव्हा बारांकिया शहरातली एक गल्ली दुपारच्या उन्हात तापली आहे आणि एव्हारिस्तोच्या दारातला मोठा स्पीकर रस्त्याकडे तोंड करून वाजतो आहे. इथे गाणं साऱ्या गल्लीचं. घरात मयत झाली तरच दारातला स्पीकर आत जातो.

मागच्या खोलीत त्याची बायको निदिया अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "इथे नुसती धडधड येते हो," ती म्हणाली. "एकदा मला नीट ऐकू द्या."

एव्हारिस्तो वायर आणायला गेला. दुकानदाराने स्वस्तातली पुढे केली. एव्हारिस्तोने तिचं टोक खरवडलं.

"वरून तांबं, आत ॲल्युमिनियम! कोणाला बनवतोस, लेका? लांब न्यायचीय. साधी, जाड, तांब्याची दे."

"मग ही विणलेली घ्या काका, भारीतली."

"दागिना नकोय मला!"

घरी येऊन त्याने स्पीकर आत ओढला. दार रिकामं दिसेल, हे घाईत त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो वायर जोडतोय तोच शेजारणी काळे कपडे घालून, कॉफीची किटली घेऊन रडत आत शिरल्या आणि निदियाचे उघडे डोळे पाहून थिजल्या. एव्हारिस्तोला धरणी दुभंगावी असं झालं.

मग गाणं लागलं. निदियाने ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते डोळे पुन्हा उघडले नाहीत. पण त्याआधी, दाराशी घुटमळणाऱ्या त्या बायकांना ती म्हणाली होती, "आलाच आहात तर बसा गं. पुन्हा हेलपाटा कशाला?"