छत्रीच्या सिनेमाचा शेवट

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून जन्मभर भिंगं घासणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘डायरेक्टर’ म्हणायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा कुठल्या तरी कंपनीचा मोठा माणूस असावा. मग दुकानाचा मालक हसून सांगायचा, “कंपनीचा नाही हो, सिनेमाचा.” गिऱ्हाईक आणखीच बुचकळ्यात पडायचं आणि डायरेक्टर मान खाली घालून घासायच्या चाकावर पाणी सोडत बसायचा.

हे नाव त्याला कॉलेजात चिकटलं. त्याच्या मामाच्या फोटो स्टुडिओत चावीचा एक छोटा सिनेकॅमेरा धूळ खात पडला होता. चावी भरायची आणि बटण अंगठ्याने दाबून धरायचं. दाबलेलं असेल तोवर फिल्म चालणार, अंगठा उचलला की बंद. आवाजाची सोय नव्हती. फिल्म कापायची-जोडायची नव्हती. त्यामुळे गोष्ट ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने चित्रण करायचं आणि प्रत्येक शॉट एकदाच घ्यायचा. चुकला तर चुकला. अशा रीतीने त्याने दोन लहान सिनेमे केले. एकात कुत्रं पळून गेलं आणि दुसऱ्यात आगगाडी आलीच नाही. तिसरा सिनेमा छत्रीचा.

त्यात नायक होता लंबू, त्याचा वर्गमित्र. कुठल्याही दारातून वाकून आत येणारा आणि डायरेक्टरच्या घरी त्याच्याइतकाच वेळ पडलेला असणारा. नायिका काही मिळेना. वर्गातल्या मुलींना विचारायची डायरेक्टरची छाती नव्हती. शेवटी त्याने थोरल्या बहिणीला, ताईला, गळ घातली. ती टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती.

“रविवारचं धुणं तू वाळत घालणार असशील तर येते,” ताई म्हणाली. त्याने मुकाट्याने घातलं.

गोष्ट साधी होती. एक कारकून जिन्यात छत्री विसरतो, ती एका मुलीला सापडते. तो छत्री शोधत सायकलवरून गावभर हिंडतो. शेवटी त्याच जिन्यात मुलगी छत्री पुढे करते आणि तो म्हणतो, “छत्री नाही, मी तुम्हालाच शोधत होतो.” हे वाक्य सुचल्यावर डायरेक्टर दोन दिवस नीट जेवला नव्हता.

शेवटच्या शॉटच्या तालमीत लंबू घामाघूम झाला.

“माझ्याकडे बघून बोल की,” ताई म्हणाली. “चपलांकडे काय बघतोस?”

“मला नाही जमत, ताई.”

“ताई म्हणू नकोस. परकी मुलगी आहे ती,” डायरेक्टर कॅमेऱ्यामागून म्हणाला.

“लहानपणापासून तिच्या हातचं खातोय रे मी. परकी कुठून आणू?”

“नुसते ओठ हलव, गाढवा,” ताई म्हणाली. “पाढे म्हण हवं तर. कोणाला ऐकू येणार आहे?”

डायरेक्टरने बटण दाबलं आणि लंबूने ओठ हलवले. रीळ तिथेच संपलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून सिनेमा दाखवला. सगळे अगदी गुंगून बघत होते. शेवटी लंबूचा चेहरा चादरभर झाला, त्याने डोळे वर केले आणि त्याचे ओठ स्पष्ट म्हणाले, “ताई.” पहिल्या रांगेत कोणी तरी खुदकन हसलं. मग अख्खा हॉल हसला. मागून आवाज आला, “ताई, छत्री द्या हो!” प्रोजेक्टरशेजारी अंधारात बसलेल्या डायरेक्टरला वाटलं, दिवे कोणी लावूच नयेत.

घरी ताई हसून हसून रडकुंडीला आली. लंबूने कान पकडले. डायरेक्टरही हसला, पण त्याच्या मनात एकच घोळत राहिलं: तो एवढा एक शॉट पुन्हा घ्यायचा. तेवढ्यात मामाने कॅमेरा विकला. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. लंबू जहाजावर नोकरीला लागला. डायरेक्टर भिंगं घासायला बसला.

अधूनमधून तो बायकोला म्हणायचा, “सिनेमा तसा झालाय. फक्त शेवट राहिलाय.”

“लोकांची घरं राहतात बांधायची, तुमचा शेवट राहिलाय,” बायको म्हणायची. पण ते जुनं रीळ ती दरवर्षी स्वतः पुसून ठेवायची.

तिघांनी साठी ओलांडली तेव्हा कुठे योग आला. ताई पुन्हा गावात राहायला आली होती. लंबू कायमचा मुलीकडे, परदेशात निघाला होता. जाण्याच्या दिवशी दुपारी तो भेटायला येणार होता आणि संध्याकाळी त्याचं विमान होतं. डायरेक्टरने बायकोचा मोबाइल मागून घेतला, दुकानातला एक स्टँड आणला आणि ताईच्या इमारतीच्या जिन्यासमोर रबरबँडांनी मोबाइल त्याला बांधला.

“रिटेक आहे का या वेळी?” लंबूने विचारलं.

“आपल्यात नसतो,” डायरेक्टर म्हणाला.

“म्हणजे तसाच हट्टी आहेस,” ताई म्हणाली आणि छत्रीचा आधार घेत, गुडघा सांभाळत तीन पायऱ्या चढून उभी राहिली.

डायरेक्टरने बटणावर अंगठा दाबून धरला. ताईने छत्री पुढे केली. लंबूने थेट तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तो एकाही शब्दावर न अडखळता म्हणाला, “छत्री नाही, मी तुम्हालाच शोधत होतो.” इतकं सुरेख म्हणाला की डायरेक्टर अंगठा उचलायचंच विसरला. “कट,” तो शेवटी म्हणाला आणि त्याने अंगठा उचलला.

लंबू गेल्यावर, रात्रीच्या स्वयंपाकाआधी, त्याने मोबाइल बायकोपुढे धरला. तिने चित्रण उघडलं आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन बघितलं.

“अहो, तुम्ही बटण दाबून धरलं होतं का?”

“मग? कॅमेरा असाच चालतो.”

“तुमच्या मामांचा चालायचा. हा अंगठा उचलल्यावर सुरू होतो.”

डायरेक्टरने घड्याळाकडे बघितलं. लंबूचं विमान तोवर उडालं होतं.

“पण हे बघा तरी,” बायको म्हणाली.

मोबाइलमध्ये जिना होता. लंबू विचारत होता, “ताई, जमलं ना गं?”

“जमलं. खरी नायिका असती ना, एव्हाना दुसऱ्याशी लग्न करून आजी झाली असती.”

लंबू खो खो हसत पायरीवर बसला. ताईही गुडघा दाबत बसली. मग एका कडेने एक टकलू म्हातारा आला आणि त्यांच्या खालच्या पायरीवर टेकला. ताईने छत्रीच्या मुठीने त्याची दुमडलेली कॉलर ओढून सरळ केली. लंबूने छत्री घेऊन उघडली. एक काडी मोडलेली निघाली. तिघंही त्या काडीकडे बघत बसले.

“यात तुम्ही आहात,” बायको म्हणाली. “बाकी अख्ख्या सिनेमात तुमची नुसती सावली आहे, सायकलवाल्या सीनमध्ये.”

डायरेक्टरने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

मामाचा स्टुडिओ आता मामाचा नातू चालवतो. जुनं रीळ त्यानेच कॉम्प्युटरवर घेतलं होतं. त्याने विचारलं, “काका, ही नवीन क्लिप शेवटी जोडतो. आवाज काढून टाकू का? बाकी सिनेमा मुका आहे.”

“राहू दे,” डायरेक्टर म्हणाला.

“आणि आधीचा तो शॉट? ज्यात ते ‘ताई’...”

“तोही राहू दे.”

घरी येऊन त्याने ताईला फोन केला आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

“म्हणजे त्या गाढवाने या वेळीही ताईच म्हटलं?”

“ताईच म्हटलं.”

“बरं झालं,” ताई म्हणाली. “ते दुसरं वाक्य मला कधी आवडलंच नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”