लाल फुल्यांची यादी

गडचांदूरच्या फोटो स्टुडिओचे ते प्रकरण अजून माझ्या मनातून उतरलेले नाही. नोकरीत खून, दरोडे पाहिले, पण कुतूहल वाटले ते या साध्या फसवणुकीचे. गावात संगणक नुकतेच येऊ लागले होते तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

स्टुडिओचे मालक सकाळच्या हजेरीच्या वेळीच आले. पन्नाशीचे, मुस्लिम गृहस्थ. सगळे त्यांना भाईजान म्हणत. आठवड्यापूर्वी त्यांना फोन आला होता. ‘कंपनीच्या सपोर्टमधून बोलतो, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय.’ फोनवरच्या माणसाने सांगितली ती बटणे त्यांनी दाबली. पडद्यावर एक यादी उघडली, तिच्यात लाल फुल्याच फुल्या. दोन दिवसांनी गळ्यात ओळखपत्र घातलेला इंजिनिअर आला, फी घेतली आणि ‘हेड ऑफिसला साफ करून आणतो’ म्हणत हार्ड डिस्क काढून घेऊन गेला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही.

“मशीन गेली त जाऊ द्या साहेब,” भाईजान म्हणाले. “त्याच्यात माह्या बायकोचा फोटो हाय. गेली ना ती, उन्हाळ्यात.”

आमचे हवालदार तोंडाचे फटकळ. “काऊन भाईजान, साऱ्या गावाचे फोटो काढता अन् घरी एकच?”

“तिले आवडेच नाई. कॅमेरा दिसला का ओढणी तोंडावर. भाचीच्या लग्नात एकदा हासली, तवा धरली.”

हवालदारांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी फिर्याद नोंदवून घेतली.

माझे लक्ष त्या लाल फुल्यांवर अडकले होते. ठाण्यालाही सरकारी संगणक आला होता. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिले होते, एरवी तो प्लॅस्टिकच्या आवरणाखाली असे. भाईजानना समोर बसवून मी म्हटले, “तुम्ही दाबलीत तीच बटणे दाबा.” त्यांनी दाबली. आमच्या त्या जवळजवळ न वापरलेल्या यंत्रातही तशीच यादी उघडली, तशाच लाल फुल्या!

“म्हंजे हा बी बिमार हाय?” हवालदारांनी विचारले.

तो आजारी नव्हता. यंत्र आपल्या बारीकसारीक अडचणी स्वतःच टिपून ठेवते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या स्टेशन डायरीत बैल हरवल्यापासून नळावरच्या भांडणापर्यंत सगळे लिहिलेले असते. परक्या माणसाने ती एकदम वाचली तर त्याला वाटेल, गाव पेटले आहे. फोनवरच्या माणसाने भाईजानना त्यांचीच डायरी दाखवून घाबरवले होते.

त्याला नंबर कुठून मिळाला? मी स्टुडिओवर गेलो. बसस्थानकासमोर ताजी रंगवलेली पाटी होती, ‘आता फोटो कॉम्प्युटरवर’, आणि खाली हातभर उंचीचा फोन नंबर. एसटीच्या खिडकीतूनही वाचता यावा असा. तेव्हा ज्याने संगणक घेतला, तो अशी पाटी लावतच असे. चोराला वेगळी टेहळणी करायची गरजच नव्हती.

मग आम्हीही एक पाटी रंगवून घेतली. बसस्थानकाजवळचा रिकामा गाळा, ‘नवीन कॉम्प्युटर सेंटर’, आणि नंबर हवालदारांच्या क्वार्टरचा. काही दिवसांनी फोन वाजला. हवालदारांनी अशी काकुळती केली की मला हसू आवरेना. “मले त काहीच समजून नाई राह्यलं भाऊ! लालच लाल दिसते. तुमी येता का?”

तो आला. पंचांसमक्ष ताब्यात घेतला. पंचविशीचा, नीट इस्त्री केलेला पोरगा. पूर्वी नागपुरात संगणकाच्या दुकानात कामाला होता. फोन करणाराही तोच, इंजिनिअरही तोच.

“मी दुरुस्ती करतो. गुन्हा काय केला?” तो बेधडक म्हणाला.

मी आवाज चढवला नाही. त्याला ठाण्यातल्या संगणकासमोर बसवले. “यालाही व्हायरस आहे का, बघा जरा.”

त्याने सवयीने यादी उघडली. “खूप आहेत साहेब. लवकर साफ करावा लागेल.”

“हा वापरतच नाही आम्ही,” मी म्हणालो. “आणि ही यादी आम्ही आधीच पाहिली आहे.”

त्याने आवरणाकडे पाहिले, वाळलेल्या हळदकुंकवाकडे पाहिले, आणि मान खाली घातली. मग त्याने सगळे सांगितले. भाईजानची डिस्क पुसून त्याने चिमूरच्या एका टायपिंग सेंटरला जास्तीची नवी डिस्क म्हणून विकली होती.

पुसली, हे ऐकून भाईजान भिंतीला टेकून बसले. चंद्रपूरच्या एका जाणकाराला मी फोन केला. तो म्हणाला, पुसलेल्यावर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर आशा आहे. लिहिले असेल तर नाही.

आम्ही तडक चिमूर गाठले. सेंटरच्या मालकीणबाई बौद्ध कुटुंबातल्या. संगणकावर स्वच्छ पांढरे कापड. मी विचारले, “बाई, यावर किती काम झालंय?”

“काहीच नाई साहेब. धम्मचक्र प्रवर्तन दिनी वंदना घेऊन सुरू करनार हावो. तवापर्यंत हात लावाचा नाई, ठरलंच हाय. पोराइले बी लावू नाई देल्ला.”

“लय उपकार झाले बाई,” हवालदार म्हणाले. बाईंना काही कळले नाही. मग मी सगळे समजावले.

डिस्क जप्त केली, पंचनामा झाला. न्यायालयाच्या परवानगीने त्या जाणकाराने तिच्यातले फोटो परत काढले. बरेच आले, काही आले नाहीत. भाईजानच्या पत्नीचा फोटो आला तो अर्धा. खालचा मांडव, पंगत, सारे करड्या रंगात बुडालेले. वर चेहरा मात्र पूर्ण. ओढणी खांद्यावर घसरलेली आणि त्या हसत होत्या.

त्यानंतर मी लोकांना एवढेच सांगत आलो. कंपनी आपणहून फोन करून आजार सांगत नाही. कुणी पडद्यावर भीती दाखवली तर फोन ठेवा, आणि खरेदीच्या पावतीवरच्या नंबरावर आपण स्वतः विचारा. फसलातच, तर लाजू नका, लगेच ठाण्यात या. आणि त्या यंत्राला हात लावू नका. चिमूरच्या बाईंनी लावला नाही, तसा.

पुढे एकदा स्टुडिओत गेलो तेव्हा तो फोटो चौकटीत लावलेला होता, करड्या भागासकट. मी म्हटले, “भाईजान, खालचं कापून घ्यायचं होतं. चेहरा मोठा दिसला असता.”

“काऊन कापू साहेब?” ते म्हणाले. “जेवढं गेलं तेवढं गेलं. ते बी दिसलं पाह्यजे.”

तेव्हा मला ते पटले नव्हते. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. आता पटते.