मशीनजवळची जागा

"उतरला का हो, सायेब?"

हा प्रश्न फाटकातूनच यायचा. मग वहाणा पायरीखाली, काठी कोपऱ्यात, आणि मामा थेट आमच्या इंटरनेटच्या डबीसमोर उकिडवे बसायचे. तिचे हिरवे दिवे लुकलुकत असले की स्वारी खूश. "चाललंय म्हनायचं," असं म्हणून चहाची वाट बघायचे.

तुम्ही भोरच्या बाजारात त्यांना पाहिलंही असेल: लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची मेंढरं असत. बायकोच्या गुलाबांसाठी आम्ही त्यांच्याकडून लेंडीखत घ्यायचो, तेवढीच ओळख. एकदा पोतं टाकायला आले, तेव्हा मी सिनेमा डाउनलोड करत होतो. कुठून, ते विचारू नका. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, पिक्चर उतरवतोय. ते पोतं तसंच धरून उभे राहिले.

"कुठला बी उतरतो?"

त्यांची कारभारीण आदल्या पावसाळ्यात गेली होती. तिचा फोटो एकच, आधारकार्डावरचा. "त्यात ती न्हाई. दुसरीच कुनीतरी बाई घाबरून बसलीय," मामा म्हणायचे. पण मागे धरणाकडे एका शूटिंगला यांची मेंढरं भाड्याने नेली होती. ती हीरोने हाकायची होती, आणि मेंढरं काही त्याला जुमानेनात. शेवटी मामींनी हाका मारल्या, तेव्हा कुठे कळप हलला. मामांच्या बोलीत मशीन म्हणजे कॅमेरा. "मशीनपाशीच हुती ती. सगळ्यात जवळ. लई मोठी दिसत आसंल." ते तोंड त्यांना परत एकदा बघायचं होतं, बस.

आणि पिक्चरचं नाव?

"तांबडी गाडी हुती, अन् हीरोला मिशी."

आमच्याकडे शूटिंगला तोटा नाही, आणि मिशांना तर नाहीच. मी एकेक सिनेमा उतरवत गेलो. कधी रस्त्याच्या कामात केबल तुटायची, कधी वीज जायची, आणि शेवटाला आलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. मामा बाजाराच्या दिवशी येऊन बघायचे. नायिका धाय मोकलून रडत असली तरी यांचं लक्ष मागच्या डोंगरावर. "चारा बरा हाय तितं." मेंढरं दिसली की पुढे सरकायचे आणि मागे यायचे. "आपली न्हवंत." मला कंटाळा यायचा, चीडही यायची, पण बाजाराचा दिवस उजाडला की मीच सकाळपासून डबीचे दिवे बघत बसायचो.

अखेर त्या शूटिंगला जेवण पुरवलेल्या आमच्या एका शेजाऱ्याला पिक्चरचं नाव आठवलं. तो उतरला त्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून आले. बायकोने चहाआधी त्यांच्या हातावर साखर ठेवली.

तांबडी गाडी आली. मिशी आली. मग पाण्याकडे जाणारी उतरण आणि कळप. "आपली!" मामा ओरडले आणि एकेकीला नावानं ओळखू लागले. हीरो काठी घेऊन मागे चालत होता, पण मेंढरांनी माना वर केल्या होत्या आणि ती सगळी सरळ आमच्याकडे बघत येत होती. वर नुसतं संगीत. हाक कुठेच नव्हती. लगेच पुन्हा गाडी आली.

"ती कुठं हाय?"

मी परत लावलं. मेंढरं परत आमच्याकडे बघू लागली. मामांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे आमची भिंत होती.

"मामा, मशीनजवळ उभं राहिलेलं माणूस पिक्चरमध्ये येत नाही हो," मी सांगितलं.

मामा उठून पडद्यापाशी गेले आणि उतरणीवरच्या करवंदीच्या जाळीवर बोट ठेवलं. जाळी अगदी मधोमध होती.

"आदी हितं हुबी हुती ती. ते लोक म्हनले बी, ऱ्हाऊ द्या. म्या म्हनलं, लांब दिसशील. म्याच नेली मशीनजवळ."

त्यानंतर मामा आले नाहीत. एका बाजाराच्या दिवशी फाटकाशी लेंडीखताचं पोतं ठेवलेलं दिसलं. हाक मारली नव्हती. मेंढरं विकून ते लेकीकडे कामथडीला गेले, असं मागाहून कळलं.

तो सिनेमा मी पुसलेला नाही. लावतही नाही. ती मोकळी जाळी मला बघवत नाही.