विहीर वाढली

तुमच्या घराचा, शेताचा नकाशा ज्यानं काढला, त्यानं पहिला बिंदू कुठला धरला, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत?

मी लोणावळ्यात एका ऑफिसात ड्राफ्टिंग करायचे. बंगल्यांचे प्लॅन कॉम्प्युटरवर काढायचे, हे माझं काम. एकदा टेबलावर आमच्याच गावातला, तिकोणा पेठेतला प्लॉट आला. मालक मुंबईचे, बंगला बांधणार होते. प्लॉटच्या कडेनं आमची पाणंद जाते, दहा फुटांची मातीची वाट. तिच्यावरून शेजारची मावशी भाताच्या खाचरात जाते. तिच्यावरूनच अब्बांना कब्रस्तानात नेलं. बायका पुढं जात नाहीत, म्हणून मी पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिले होते. तिथून पुढं माझे अब्बा एकटे गेले. ती जागा माझी आहे.

प्लॅनमध्ये पाणंद नव्हतीच. तिची जागा कंपाउंडच्या भिंतीच्या आत गेली होती.

हे कसं झालं ते सांगते, अवघड नाही. सरकारी मोजणीतला प्लॉट आणि जागेवरचा नवा सर्व्हे एकमेकांवर बसवायचे, तर दोन्हींतले दोन-दोन बिंदू जुळवावे लागतात. स्नॅप चालू ठेवला की कर्सर रेषेच्या नेमक्या टोकाला जाऊन चिकटतो, हात हलला तरी बिघडत नाही. सगळं जुळलं की सॉफ्टवेअर शेवटी विचारतं, या बिंदूंच्या हिशेबानं आकार बदलू का? मोजलेल्या जमिनीला इथं 'नो'च म्हणायचं असतं. जमीन काही रबराची नसते.

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी पहिला बिंदू हद्दीच्या दगडावर धरला, तो बरोबर होता. दुसरा धरला मालकांच्या तारेच्या कुंपणाच्या खांबावर. तो खांब मालकांनी गेल्याच वर्षी पाणंदीच्या पलीकडं रोवला होता. आणि शेवटच्या प्रश्नाला साहेब 'येस' म्हणाले. अख्खा प्लॉट ताणला गेला आणि पाणंद पोटात गेली. त्या प्लॉटमध्ये एक जुनी विहीर आहे. तीही ताणली गेली.

मी साहेबांना म्हटलं, "सर, विहीर मोठी झालीय."

ते हसले. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "पत्रकं वाटणाऱ्याची पोर ना तू? विहीर कोण मोजतंय? गप प्रिंट काढ."

अब्बा गावच्या तक्रारींची पत्रकं लिहायचे, चौकात उभं राहून वाटायचे. आमच्या घरी भाजीसुद्धा उरलेल्या पत्रकांवर निवडली जायची. मी अक्षरं तिथंच शिकले. रेषा खोटी काढू नये, हेही.

प्लॅन दुरुस्त करून मी गुपचूप पाठवू शकले असते. मला ते नको होतं. मला त्या माणसाची मान चारचौघांत खाली गेलेली बघायची होती. म्हणून त्यांनी जसा ठेवला तसाच प्लॅन छापला, आणि पायाच्या आखणीच्या दिवशी पेठेत घरोघरी सांगितलं, या.

पेठ जमली, साहेब आले, मालक आले, पाणंदीला आडवी जाऊन तिच्या पलीकडच्या कडेनं पांढरी फक्की पडली. मावशी विळा घेऊन खाचराकडं निघाली होती, ती थबकली.

"आवो सायेब, ह्यो चुना आमच्या वाटंत कशापायी सांडला?"

"मावशी, कॉम्प्युटरनं काढलेली लाईन आहे. कॉम्प्युटर चुकत नाही."

याच वाक्याची मी वाट बघत होते. "मग विहीर मोजू या सर. तीपण कॉम्प्युटरनंच काढलीय. प्लॅनवरचा आकडा तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

मालक बघत होते, त्यामुळं साहेबांना वाचावा लागला. मी टेपचं टोक मावशीच्या हातात दिलं आणि कठड्याला वळसा घालून पलीकडं गेले. खरी विहीर दीड फुटानं कमी भरली.

मावशी ओरडली, "आगं बया! उन्हाळ्यात घागर बुडंना हिच्यात, आन् कागदावर लय फुगली की गं हीर!"

सगळी पेठ हसली. साहेब पुटपुटले, "स्केलमध्ये थोडा फरक पडतो."

"थोडा नाही सर," मी म्हटलं. "विहिरीत दीड फूट, म्हणजे त्याच हिशेबानं अख्ख्या प्लॉटमध्ये दहा फूट. बरोबर पाणंदीएवढा."

त्यांची मान खाली गेली. मी डोळे भरून बघितली. मालक म्हणाले, "या कागदावर माझी सही घेतलीय तुम्ही," आणि गाडीत जाऊन बसले. तारेचा खांब जसा काही दुसऱ्याच कुणी रोवला होता! मावशीनं चपलेनं फक्की पुसली आणि त्याच वाटेनं खाचरात गेली.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

गेले नाही. आता कुसगावात एका किराणा दुकानाच्या माळ्यावर माझा कॉम्प्युटर आहे. भिंत अजून उठलेली नाही, पण तो खांब तिथंच उभा आहे, आणि नवा प्लॅन कुणाच्या तरी टेबलावर असणारच. मी राग सोडलेला नाही, सोडणारही नाही.

तुमच्याकडं एवढंच मागते. तुमच्या घराचा नाहीतर शेताचा नकाशा आज बाहेर काढा. त्यातली हाताला लागेल अशी एक वस्तू निवडा, विहीर, उंबरा, काहीही. टेप घेऊन ती मोजा. आकडा जुळला नाही, तर घरात कुजबुजू नका. ज्यानं नकाशा काढला त्यालाच जागेवर बोलवा, आणि चारचौघांसमोर तो आकडा त्याला मोठ्यानं वाचायला लावा.