मामांच्या फ्रिजमधला कप्पा

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची इतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या भाईंदरात माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. बँकेतून निवृत्त झाले, पाठोपाठ मामी गेल्या, आणि पुढे एका कृषी प्रदर्शनातून जिवाणू खताची पाकिटं घेऊन घरी आले ते कायमचे त्यांचेच झाले. फ्रिजमध्ये मामींच्या गजऱ्याची पुडी असायची, त्या कप्प्यात पाकिटं गेली. उन्हाने आतले जिवाणू मरतात, म्हणून उत्तनच्या बसमध्ये मामा सावलीची बाजू बघून बसत आणि मांडीवरच्या पिशवीवर ओला रुमाल टाकत. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "चाचाजी, मच्छी है क्या?" मामा म्हणाले, "नहीं, बालबच्चे हैं." बाई उठून मागच्या सीटवर गेल्या.

मामा जात ते उत्तनजवळच्या तारोडीला, मोनिकाबाईंच्या वाडीत. मामी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच भाजी घेत, तेवढीच ओळख. मामांचं म्हणणं साधं होतं: हे जिवाणू हवेतलं नत्र मुळांना मिळवून देतात, तर युरियाचा हात जरा आखडता घ्या. मोनिकाबाई म्हणत, "युरिया टाकला का पान हिरवं व्हतं. तुमचं तं काय दिसतच न्हाय!" शेवटी कंटाळून त्यांनी वांग्यांचा एक वाफा दिला. अट अशी, की माल कमी निघाला तर मामांनी पुन्हा वाडीत पाऊल टाकायचं नाही. मामा तिथे हसून हो म्हणाले आणि घरी येऊन मला फोन केला. "जावईबापू, ते बंद झालं तर मी दिवसभर करू काय हो?"

जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून त्यात रोपांची मुळं बुडवतात आणि मग लावतात. गूळ जेमतेम लागतो. पण मामांचा हात पाहुणचाराचा. "परक्या मातीत चाललेत, पोटभर खाऊन जाऊ देत," म्हणत त्यांनी ढेपच विरघळवली. दुसऱ्या दिवशी तारोडीतल्या यच्चयावत मुंग्या त्या वाफ्यात हजर. "मामा, तुमचं जिवानू न्हाय दिसलं, पन मुंग्या लय दिसल्या!" मोनिकाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. मामांनी राख पसरली, गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली, या खेपेला गूळ चिमूटभरच, आणि मुंग्या हटेपर्यंत रोज वाफ्यापाशी स्टूल टाकून बसले. जेवणाचा डबाही तिथेच.

युरिया कमी घालूनही वांगी शेजारच्या वाफ्याइतकीच निघाली. मोनिकाबाईंचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा तोलून पाहिली. मग म्हणाल्या, "आता सगल्या वाडीला हेच लावू. आनि पाकिटं माज्या घरातच राहू द्या, मामा. तुमी कशाला उन्हातान्हात वाहता?" मुलीचं चांगल्या घरी ठरावं तसे मामा खूश झाले, आणि उरलेली पाकिटं स्वतः पोचवून आले.

परवा त्यांच्याकडे गेलो तर ते फ्रिज उघडून नुसते उभे होते. कप्पा रिकामा होता. मला फार वाईट वाटलं. मामा दार लावत म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गॅलरीत कुंड्या आहेत ना हो?"

आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे आणि वाळत घातलेले कपडे.

"आहेत की," मी म्हणालो, आणि घरी जाताना केबिन रोडवरून कुंड्या घेतल्या.